पडद्यापुढचा संडास

आमच्या भंडाऱ्यातल्या पवनीकडच्या जुन्या लग्नांत वरपक्षाला उतरायला जानोसा देत. एखादी शाळा, नाहीतर कोणाचा रिकामा वाडा. माणसं शंभर-सव्वाशे, संडास एक. पहाटे त्या एका दारापाशी कोणी कोणाला पुढे सोडायचं, याचं शास्त्र ठरलेलं असे. नवरदेवाचे मामा आले की रांग आपसूक बाजूला व्हायची. थोरला जावई आला तर वधूकडचं कोणीतरी धावत जाऊन त्याची बादली भरून आणायचं. पोरांना कोणी विचारत नसे, त्यांना वैनगंगेचा काठ मोकळा होता. पण एखादा म्हातारा धोतर आवळत, कसनुसं तोंड करत आला की मामा असोत की जावई, सगळ्यांच्या तोंडून एकच निघायचं, ‘‘जाऊ द्या गा बाप्पा, त्याले आधी जाऊ द्या.’’ एरवी पंगतीत पाटावरून रुसणारी माणसं तिथे मानपान विसरत.

विमानात मात्र असं म्हणणारं कोणी भेटेल याची खात्री नाही. तिथे पडदा असतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे नागपूर-मुंबईसारख्या मार्गांवर फिरतात त्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत साधारण तीन संडास असतात. एक अगदी पुढे, वैमानिकांच्या खोलीला लागून, आणि दोन शेपटाकडे. विमानात बिझनेस क्लास असेल तर पुढचा त्यांचा. एअर इंडियाच्या अशा काही विमानांत पुढे आठ खुर्च्या असतात. म्हणजे आठ जणांत एक, आणि मागे दीडशेच्या आसपास माणसांत दोन. जानोशाचा हिशेब यापेक्षा फार वाईट होता हे कबूल, पण तिथे निदान एका दारापुढे सगळे उभे असत. इंडिगोने बरीच वर्षं सगळं विमान एकाच वर्गाचं ठेवलं, तेव्हा हा प्रश्न नव्हता; पुढचं दार कोणीही ठोठवावं. २०२४च्या नोव्हेंबरपासून त्यांनीही काही विमानांत पुढे मोठ्या खुर्च्या मांडल्या. भेद तिथेही आला.

पवनीच्या माणसाला वेशीचं नवल नाही. आमच्या गावाला तीन बाजूंनी परकोट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. आत कोण, बाहेर कोण हे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी मातीचे डोंगर घालून ठरवून टाकलं होतं. विमानातला पडदा वीतभर जाडीचाही नाही. पण तो ओलांडताना माणूस जितका चोरटा होतो, तितका परकोटाच्या दरवाजातून जाताना कोणी होत नाही.

खरी अडचण पडद्याची नाहीच, ती गाड्याची आहे. नागपूर-मुंबई प्रवास दीड तासाचा. त्यातला चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ पट्टा बांधून बसायचं. मधे उरतो तो पाऊण-एक तास, आणि नेमका त्याच वेळात खाण्यापिण्याचा गाडा निघतो. तो मधल्या वाटेत उभा राहिला की मांजरही पलीकडे जाणार नाही. पाचव्या-सहाव्या रांगेतल्या माणसाची तेव्हा पंचाईत होते. मागे गाडा, पुढे पडदा.

आमच्या मामाजींची ती झाली. सासरे माझे, जन्म पवनीत, धानाची शेती, साखरेचा आजार. मुंबईला डॉक्टरकडे नेत होतो. पवनीहून भिवापूर-उमरेड करत नागपूरचा सोनेगाव विमानतळ गाठेपर्यंत ते काही बोलले नाहीत, कारण गाडीत बायका आहेत म्हटल्यावर ‘थांबवा’ म्हणणं त्यांच्या पिढीला जमत नाही. (एसटीत याच्या उलट. तिथे पुरुष रस्त्याच्या कडेला मोकळे होतात आणि बायका सकाळपासून पाणी पिणंच सोडतात. हा अन्याय विमानापेक्षा फार मोठा, पण तो पुन्हा कधीतरी.) विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला, आणि मामाजी उठले. मागे पाहिलं तर गाडा. ते सरळ पुढे निघाले आणि पडद्याला हात घातला.

हवाईसुंदरी नम्रपणे म्हणाली, ‘‘सर, आप पीछे का यूज़ कीजिए.’’

मामाजींनी मागे बोट दाखवलं. ‘‘मांगं गाडा आडवा हाय ना बाई. तो हटतपर्यंत मी नाही थांबू शकत.’’

मुलीला मराठी येत होतं की नाही कोण जाणे, पण तोंड वाचता येत होतं. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पडदा स्वतः बाजूला धरला. पहिल्या रांगेतल्या एका कोटवाल्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली करून बघितलं, ते काही बोलले नाहीत. मामाजी बाहेर आले आणि दाराशीच थांबले. आपली पाळी असेल म्हणून ते गृहस्थ उठून उभे राहिले होते. मामाजी त्यांना म्हणाले, ‘‘जा बाप्पा, मी पुसून ठेवलं.’’

आणि खरंच पुसलं होतं. विमानाच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत बहुधा एक बारीक पाटी असते : पुढच्या प्रवाशासाठी बेसिन कागदाने पुसून ठेवा. पुढचा प्रवासी कोणत्या तिकिटाचा, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. आतल्या वस्तूही मजेदार. कडी लावली की दिवा उजळतो. सिगारेटला बंदी, तरी दाराशी रक्षापात्र असावंच लागतं, कारण कोणी नियम मोडून ओढलीच तर ती कचऱ्याच्या कागदांत पडू नये. नियम मोडणारा माणूस गृहीत धरून केलेला नियम, मला तो फार आवडतो. पाणी जवळजवळ नाहीच. हवेच्या ओढीने सगळं खेचलं जातं, म्हणून तो कानठळ्या बसवणारा आवाज. १९७५मध्ये जेम्स केम्पर नावाच्या अमेरिकन माणसाने या तऱ्हेचं पेटंट घेतलं. आणि खेचलेलं जातं कुठे? ए-३२०मध्ये मैल्याची टाकी एकच, शेपटाकडे. म्हणजे बिझनेस क्लासचा ऐवजही आमच्याच पायांखालच्या नळीतून मागे येतो. त्याला पडदा लागत नाही.

रेल्वेत संडासातला हा वर्गभेद फार जुना. वरच्या वर्गाच्या डब्यांत संडास आधी आले, खालच्या वर्गाने स्टेशनावर उतरून काम उरकायचं. १९०९मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने फणस जास्त खाल्ला, अहमदपूर स्टेशनावर तो बसलेला असतानाच गार्डाने शिट्टी फुंकली, आणि एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत त्याची गाडी सुटली. त्याने रेल्वेला चिडून पत्र लिहिलं. खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले ते या पत्रामुळे, असं सांगतात. आजही स्लीपरचा माणूस एसी डब्याच्या संडासात शिरला की टीसी हटकतोच.

मी बिझनेसवाल्यांच्या विरुद्ध नाही. त्यांनी दामदुप्पट मोजले आहेत, त्यांच्या नाकापुढे आमची रांग उभी राहू नये हे बरोबरच. शिवाय वैमानिकही तोच संडास वापरतात. ते बाहेर यायच्या वेळी मधे गाडा आडवा लावून वाट बंद करतात, म्हणून तिथे गर्दी नको हेही पटतं. मला खटकतं ते एवढंच की पडदा एकाच बाजूने बंद असतो. पुढचा संडास अडला की कोटवाले गृहस्थ खुशाल मागे चालत येतात, आमच्या रांगेत उभे राहतात, आणि त्यांना ‘सर, पुढचा वापरा’ असं कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. एमिरेट्सच्या ए-३८० विमानांत तर पहिल्या वर्गाला अंघोळीची सोय आहे, पाच मिनिटं गरम पाणी. त्याच विमानात खालच्या मजल्यावर पोराचं नाक पुसत दार उघडायची वाट बघणारी आई असते. अंघोळ त्यांची त्यांना लखलाभ. त्या आईने वर येऊन विचारलं तर तिला नाही म्हणू नये.

विचारावं मात्र. न विचारता पडदा सारणारा आणि विचारल्यावर तोंड फिरवणारा, दोघंही जानोशावर टिकले नसते.

तेव्हा नागपूरहून उडणाऱ्या आपल्या भंडाऱ्याकडच्या मंडळींना एक विनंती. सोबत म्हातारं माणूस असेल तर तिकीट काढताना अगदी मागची जागा मागून घ्या, आणि विमानात चढण्याआधी सोनेगावलाच एकदा जाऊन या. तिथल्या दारावर तिकीट विचारत नाहीत.