माझ्या इयरमध्ये

पुण्यात वर्ष मोजायच्या बऱ्याच पद्धती आहेत. पाडव्याचं वर्ष असतं, मार्च एंडचं असतं, शाळेचं जूनला सुरू होतं आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांचं एका विसर्जनापासून पुढच्या आगमनापर्यंत चालतं. आमच्या सोसायटीतल्या पीपींचं वर्ष यातल्या कुठल्याच कॅलेंडरात सापडायचं नाही. ते 1 जुलैला सुरू होतं, 30 जूनला संपतं आणि माणसाच्या आयुष्यात एकदाच येतं. ‘माझं इयर’ हे त्याचं नाव. त्यानंतर क्लबात सात-आठ अध्यक्ष होऊन गेले, पण पीपींच्या हिशेबी 30 जून अजून उजाडायचाय.

पीपी म्हणजे पास्ट प्रेसिडेंट. रोटरीत अध्यक्षपद एका वर्षाचंच. त्यामुळे जुन्या क्लबात एक अध्यक्ष, एक होऊ घातलेला आणि उरलेले बरेचसे माजी अशी वस्ती असते. सरकारी खात्यात माणूस माजी झाला की त्याचा चहा बंद होतो. इथं माजी होणं ही बढती आहे. नावाआधी ‘रो.’ असतंच, त्याच्याही आधी ‘पीपी’ लागतं, आणि निमंत्रणपत्रिकेत ते राहिलं तर पत्रिका पुन्हा छापावी लागते. पुढं असिस्टंट गव्हर्नर, डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, पास्ट डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, म्हणजे एजी, डीजी, पीडीजी अशी चढण आहे. पुणे आणि रायगड मिळून रोटरीचा 3131 क्रमांकाचा डिस्ट्रिक्ट होतो. त्याच्या अधिवेशनात या आद्याक्षरांची इतकी दाटी असते की एखादा नुसता ‘श्री.’ दिसला तर तो केटरर समजावा.

क्लबही गल्लोगल्ली आहेत. कोथरूड, कात्रज, सिंहगड रोड, शनिवारवाडा. ‘पूना डाउनटाउन’ नावाचाही आहे. पुण्याचं डाउनटाउन नेमकं कुठं, हा प्रश्न पुणेकरांपुढे टाकू नये, संध्याकाळ जाईल. आमच्या पीपींचा क्लब कुठला ते सांगत नाही, कारण पुढं जे लिहायचंय ते वाचून निदान चार क्लबांतल्या निदान चाळीस पीपींना ते आपल्यावरच आहे असं वाटणार आहे. आणि त्यांचं चुकत असेलच असं नाही.

पीपी मूळचे फॅब्रिकेशनवाले. भोसरीत शेड होती, ती आता भाचा बघतो. मुलगा ओहायोत. कोट असो, जाकीट असो, उन्हाळ्यातला बुशशर्ट असो, छातीवर चाकाची पिन. रोटरीच्या चाकाला दाते 24, आरे 6 हे कुठलाही सभासद सांगेल. पण पीपींचा जीव आहे तो चाकाच्या मधोमध असलेल्या की-वेवर. आधीच्या चित्रात ती खाच नव्हती. मग इंजिनिअर सभासदांनी आरडाओरडा केला की की-वे नसलेलं चाक शाफ्टवर नुसतं गरगर फिरेल, त्यातून काम निघणार नाही. तेव्हा कुठं खाच काढली. पीपी हे सांगतात तेव्हा त्या इंजिनिअरांत आपणही होतो असा त्यांचा चेहरा असतो. लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरिअरच्या मुलालाही त्यांनी ही खाच दाखवलेली आहे.

साप्ताहिक सभेत पीपी पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसतात, माइकपासून हाताच्या अंतरावर. घंटा वाजते. मग चार प्रश्नांची कसोटी म्हटली जाते: हे सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. 1932 साली शिकागोतल्या एका डबघाईला आलेल्या भांड्यांच्या कंपनीला सावरताना हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थानं ती रचली. भांड्यांचीच कंपनी होती हे कळल्यापासून पीपींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, या कसोटीचा वापर स्वयंपाकघरात करतात. मग वाढदिवस, मग वक्त्याची ओळख, मग वक्ता, मग आभार, राष्ट्रगीत आणि शेवटी फेलोशिप, म्हणजे बटाटेवडा. या सगळ्यात वक्त्याला जो वेळ उरतो तो त्याच्या ओळखीपेक्षा थोडा कमी असतो. मी एकदा वक्ता होतो. माझी ओळख पीपींनी करून दिली आणि तीत त्यांच्या इयरमधले तीन प्रकल्प आले. मला एक रोपटं मिळालं, त्यावर क्लबाचं नाव होतं. झाडाचं नव्हतं.

काकूंचं आणि रोटरीचं नातं हा वेगळा विषय आहे. रोटेरियनच्या बायकोला आपल्याकडे अजून ‘ॲन’ म्हणतात आणि मुलांना ‘ॲनेट’. म्हणे 1914 साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका सभासदाची बायको होती, नाव ॲन; योगायोगानं अधिवेशनाला आलेल्या दुसऱ्या एकाच्या बायकोचंही नाव ॲन. त्या गाडीतल्या थट्टेपायी एरंडवण्यातल्या आमच्या काकू ॲन झाल्या. नवऱ्याच्या इयरमध्ये तर त्या ‘फर्स्ट लेडी’ होत्या. वर्षभर त्यांनी दीपप्रज्वलनं केली, आणि 1 जुलैला सकाळी पुन्हा कुकर लावला. रोटरीच्या फाउंडेशनला 1000 डॉलर दिले की ज्याच्या नावानं दिले त्याला संस्थापक पॉल हॅरिस यांच्या नावाची फेलोशिप आणि पिन मिळते. पीपींनी लग्नाच्या वाढदिवसाला ती काकूंच्या नावानं घेतली आणि भर सभेत, माइकवरून, त्यांना चकित केलं.

“सत्य होतं,” काकू सांगतात, “मैत्रीही वाढली असेल कुणाची. पण सर्वांच्या हिताचं आहे का, हे एकदा विचारलं असतं तर ठुशीवर भागलं असतं.”

पीपींचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे “पोलिओ आम्ही घालवला.” यात आम्ही कोण, यावर आमचे वाद होतात. रोटरीनं 1979 मध्ये फिलिपिन्सपासून डोस द्यायला सुरुवात केली आणि 1985 मध्ये जगभराची मोहीम अंगावर घेतली, हे खरंच आहे. 12 कोटी डॉलर जमवायला निघाले आणि 1988 पर्यंत त्याच्या दुप्पट जमले, हेही खरं. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याची एक लहान मुलगी. 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं. पण दारोदार कोण हिंडलं? अंगणवाडीच्या सेविका, आशाताई, नर्सबाई. मी हे म्हटलं की पीपी म्हणतात, “हो, त्या होत्याच. पण आम्ही टोप्या दिल्या.”

टोप्यांपलीकडचं मला काकूंकडून कळलं. स्वारगेटच्या स्टँडवर पल्स पोलिओचा बूथ होता. पीपी पिवळी टोपी घालून एसटीत चढले. गडबडीत त्यांनी आधी एका पोराच्या डाव्या करंगळीला शाई लावली आणि डोस द्यायला वाकले, तर पोर भोकाड पसरून बसलेलं आणि आई ऐकेना: “बोट रंगलंय की, झालं आमचं.” एवढ्यात कंडक्टरनं डबल बेल मारली. गाडी साताऱ्याची. पीपी उतरले नाहीत. सगळ्या बसला शाई, करंगळी आणि डोस यांचा क्रम समजावत ते कात्रजपर्यंत गेले, पोराच्या तोंडात दोन थेंब टाकूनच खाली उतरले आणि रिक्षानं परत आले. तोवर स्वारगेटच्या बूथवर नर्सबाई हात चोळत उभ्या होत्या, कारण लशीची आइसबॉक्स पीपींच्या खांद्याला होती. त्यांनी पीपींना जे ऐकवलं ते ऐकून, काकू म्हणतात, ह्यांना लग्नानंतर पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. ही हकिकत पीपी कधीच सांगत नाहीत. तिचा फोटो नाही.

आता मुख्य प्रकल्पाकडे येतो. पीपींच्या इयरचा मुकुटमणी म्हणजे वेल्ह्याकडच्या शाळांतली मुलींची स्वच्छतागृहं. या विषयाला परंपरा आहे, आणि ती पीपींना मुखोद्गत आहे. पॉल हॅरिस या वकिलानं 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत तीन स्नेह्यांना घेऊन पहिली बैठक भरवली, ती पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची म्हणून ते रोटरी. सुरुवातीला सगळा मामला आपापसांत गिऱ्हाईक मिळवून देण्याचा होता. समाजसेवा सुचली ती 1907 साली, आणि काय सुचलं? नगरभवनाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह. त्याला विरोध कुणाचा, तर बिअरवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. गुत्त्यांत पुरुषांची आणि दुकानांत बायकांची सोय आहेच की, असं त्यांचं म्हणणं. फक्त आधी काहीतरी विकत घ्या. लक्ष्मी रोडवर ऐन दिवाळीत खरेदीला गेलेल्या कुठल्याही बाईला शिकागोचा हा वाद समजावून सांगावा लागणार नाही.

तर पीपी नातीच्या बारशाला ओहायोला गेले. तिथल्या लहानशा गावातल्या क्लबाची सभा सकाळी सातला, न्याहारीवर. पीपी पावणेसातला हजर. झेंड्यांची अदलाबदल झाली (तो झेंडा हॉलमध्ये देवघराशेजारी आहे). पीपींनी शाळेचे फोटो दाखवले. शिकागोच्या स्वच्छतागृहाची आठवण करून दिली. पॅनकेकवर मधासारखा पाक ओतत बसलेली ती म्हातारी मंडळी विरघळली. फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानाला परदेशी जोडीदार क्लब लागतो, तो असा सातच्या ठोक्याला मिळाला. प्रकल्पाचा आकडा किमान 30 हजार डॉलर असावा लागतो, म्हणून एका शाळेच्या आणखी काही शाळा झाल्या. पीपींच्या धडाडीला माझा इथपर्यंत मनापासून सलाम आहे. त्या अर्जातच एक कलम असतं: गावाला विचारून गावाची गरज नोंदवा. तेही पीपींनी केलं. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “साहेब, आधी पाण्याचं बघा.” पीपी म्हणाले, “पाणी नेक्स्ट इयरला.”

इथं माझं रोटरीशी जरा भांडण आहे. खुर्ची एका वर्षाची असल्यामुळे या मंडळींच्या अंगात बारा महिने वारं असतं. एरवी संथ असलेला माणूस जुलैत उठतो आणि जूनपर्यंत दहा माणसांचं काम उरकतो. पण त्याच कारणानं नेक्स्ट इयर हे नेहमी दुसऱ्याचं इयर असतं. पुढच्या अध्यक्षांना झाडं लावायची होती. त्याच्या पुढच्यांना ई-लर्निंग. कोनशिला बसवण्यासारखी जागा नळात नसते, त्यामुळे नळ कुणाच्याच इयरमध्ये आला नाही.

यंदा अध्यक्षपदी बाई आल्या. रोटरीनं बायकांना सभासद करून घेतलं ते 1989 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर 84 वर्षांनी, आणि तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्ये कान पिळल्यावर. या बाई सीए. बोर्डाच्या पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगितलं की यंदा नवीन काही बांधायचं नाही. आजवर जे बांधलं ते चालू आहे का, तेवढं बघायचं.

“मग बुलेटिनमध्ये फोटो कशाचा छापणार?” पीपी.

“चालू नळाचा.”

“नळाचा?”

“चालू असला तर.”

पीपींनी घटनेतलं कलम शोधायला घेतलं. ते सापडायच्या आत पाहणीला गाड्या निघाल्या आणि माझ्या नशिबी पीपींच्या शेजारची सीट आली. खडकवासल्यापासून पाबे घाटापर्यंत त्यांनी की-वे सांगितला. शाळेत पोचलो. स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली मिळाली, दार उघडलं, आत खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली. टाकी वर होती, तिच्यात पाणी चढायला काही वाटच नव्हती. मुली ओढ्याकडे जात होत्या. संगमरवरी पाटी मात्र अगदी शाबूत होती आणि तिच्यावर पीपींचं नाव होतं, काकूंचं होतं, ओहायोच्या क्लबाचं होतं.

मुख्याध्यापिकाबाई सौजन्यानं म्हणाल्या, “तांदूळ कोरडा राहतो, साहेब. बांधकाम फार चांगलंय तुमचं.”

परतताना पीपी गप्प होते. नसरापूरला चहा घेतला तरी गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची गाडी भोसरीकडे गेली आणि पुढचे काही आठवडे भाच्याच्या शेडमध्ये शाळेचंच काम चाललं: टाकीला स्टँड, पाइपाला क्लॅम्प, दारांना नवे बिजागर. बोअरवर पंप बसवायला स्वतः गेले. प्लंबरला त्यांनी चार प्रश्नांची कसोटी लावली. तो दुसऱ्याच प्रश्नाला मजुरी वाढवून मागू लागला. यामागे पश्चात्ताप होता असं मला वाटत नाही. आपल्या नावाच्या दाराआड तांदूळ, हा अपमान त्यांना सहन झाला नाही, एवढंच. पण पंपाला कारणाशी काय करायचंय? पाणी वर चढलं.

सीएबाई हुशार. त्यांनी ‘देखभाल समिती’ काढली आणि पीपींना तिचं अध्यक्षपद दिलं. पीपींनी पिन मागितली. बाईंनी दिली, खर्च किरकोळ खात्यात टाकला. तेव्हापासून पीपींकडे एक रजिस्टर आहे. त्यात शाळेगणिक नळ, कड्या, बल्ब आणि बादल्या यांच्या नोंदी, समोर तारखा. दर सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळेला सगळ्या शाळांना फोन जातो. मुख्याध्यापक आता नमस्कार वगैरे म्हणत नाहीत, थेट “दोन्ही चालू” असं म्हणतात.

परवा त्यांच्याकडे बसलो असताना फोन लावला तो मुख्याध्यापिकाबाईंच्या ऐवजी एका मुलीनं उचलला. सातवीतली असावी. पीपींनी स्पीकर लावला.

“काका, बाई वर्गावर आहेत. नळ चालू आहेत. दोन नंबरच्या दाराची कडी निघालीय.”

“निघाली की मोडली?”

“निघाली. स्क्रू आहे, मी ठेवलाय.”

“शाब्बास.” पीपींनी रजिस्टरात लिहून घेतलं. “आणखी?”

“आणखी ती पाटी. पावसानं अक्षरांचा रंग गेलाय, तुमचं नाव वाचता येत नाही. आमच्याकडे चित्रकलेचा रंग आहे, भरू का?”

काकूंनी सोलत असलेला लसूण खाली ठेवला. पीपींनी आमच्या दोघांकडे पाहिलं, घसा साफ केला.

“आधी कडी,” ते म्हणाले. “कडी महत्त्वाची.” मग स्पीकर बंद करून, फोन कानाशी धरून, आवाज उतरवून म्हणाले, “ऑइल पेंट आहे का पण? वॉटर कलर टिकायचा नाही.”