प्रलयानंतर गंडीपेट

यंत्रं एकाएकी बंद पडल्यावर माणसांचं काय होईल, यावर कादंबऱ्या लिहिणारे लोक युद्धशास्त्र कसून शिकतात आणि भूगोलाच्या तासाला झोपतात, असं माझं मत आहे. एस. एम. स्टर्लिंग यांची 'डाइज द फायर' (२००४) घ्या. तिच्यात मार्च १९९८च्या एका दिवशी वीज, इंजिनं आणि बंदुका एकाच क्षणी राजीनामा देतात, आणि ओरेगनमधली शिकलीसवरली माणसं बघताबघता तलवारी परजू लागतात. या पंचांगानुसार आपल्या हैदराबादचं मोठंच नुकसान झालं असतं. हायटेक सिटीतल्या सायबर टॉवर्सचं उद्घाटन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झालं. म्हणजे हायटेक सिटी ही माधापूरच्या खडकांतली एक अपुरी गोल इमारत एवढीच उरली असती, आणि पुढच्या काळातल्या विद्वानांनी तिला कुतुबशाही कबर ठरवलं असतं. पण खरा आक्षेप वेगळा आहे. या कादंबऱ्यांत माणसाचा शत्रू माणूसच असतो. हैदराबादेत यंत्रं बंद पडली तर शत्रू असेल तो चढ.

हिशेब साधा आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या खडकांवर बसलेलं. कृष्णेचं पाणी ते पितं ते नागार्जुनसागरच्या जलाशयातून, आणि तो काठोकाठ भरला तरी त्याची पातळी १८० मीटरच्या आतच. गोदावरीचं पाणी येतं ते येल्लंपल्लीहून, तेही खालून वर. म्हणजे सकाळी नळाला येणारी जवळजवळ प्रत्येक बादली शंभराहून जास्त किलोमीटर पंपांच्या खांद्यावर बसून, डोंगर चढून आलेली असते. पंप थांबले की पहिल्या दिवशी टाकीतलं, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या टाकीतलं, तिसऱ्या दिवशी चर्चा. गचीबावलीच्या तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला तर हा डोंगर दोनदा चढायचा: एकदा शहरापर्यंत, मग लिफ्टविना घरापर्यंत. तिथे धनुष्यबाण घेऊन काय करणार? बाण खालून वर मारता येतो, पाणी नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आपले पूर्वज विजेविना राहतच होते की! राहत होते, पण ते 'विजेविना' राहत होते, 'व्यवस्थेविना' नव्हे. गोवळकोंड्याच्या बालाहिसारवर पाणी चढायचं ते बैलांच्या रहाटांनी आणि मातीच्या नळांतून. फतेह दरवाजात टाळी वाजवली की ती वर ऐकू जायची. मोबाइल टॉवर नाही, बिल नाही. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीने शहर धुऊन नेलं, हजारो माणसं गेली, अफझलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास जीव वाचले. त्यानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि १९२० साली उस्मानसागर, १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. उस्मानसागर म्हणजेच आपलं गंडीपेट. त्याचं पाणी शहराकडे येतं ते निव्वळ उताराने, पंपाची खुशामत न करता. गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात; प्रलयानंतर तो बहुधा तिथल्या रांगेतून हलणारच नाही. अडचण एवढीच की तो तलाव आजच्यापेक्षा कितीतरी लहान शहरासाठी बांधला होता. बाकीचे तलाव आपण बुजवले, त्यांवर कॉलन्या केल्या आणि कॉलन्यांना तलावांची नावं दिली. बन्सीलालपेटची बारव तर कचऱ्याने गळ्यापर्यंत भरली होती; ती उपसून २०२२ साली पुन्हा मोकळी केली, हा या कथेतला एकमेव प्रसन्न अध्याय. भूतकाळात परत जायचं तर वाट आहे, पण ती खणून काढावी लागते.

दुसरा आक्षेप जरा मानी स्वराचा असतो: आम्ही लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं, अंधाराला भीत नाही. पण लोडशेडिंगला वेळापत्रक असतं, आणि इन्व्हर्टरला चार तासांचं धैर्य. शिवाय आपलं हे शौर्य सुरक्षित अंतरावरूनच पारखलं गेलंय. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर आणि पूर्व भारत काळोखात गेला तेव्हा हैदराबादचे पंखे निवांत फिरत होते, कारण दक्षिणेचं ग्रिड तेव्हा निराळं होतं. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर वाहिनीने ते देशाला जोडलं गेलं. त्यामुळे टंचाईत एकमेकांना वीज देता येते, हे कबूल. पण आता संकटही सोलापूरमार्गे येऊ शकतं, आणि सोलापूरहून आजवर आपण चादरीच अपेक्षिल्या होत्या.

उरला प्रश्न लुटारूंचा. तट उभारा, हत्यारं साठवा, असं कादंबऱ्या सांगतात. गोवळकोंड्याने १६८७ साली औरंगजेबाच्या फौजेपुढे आठ महिने टिकून दाखवलं, आणि शेवटी दरवाजा आतूनच उघडला गेला. तेव्हा तटबंदीच्या उपयोगाबद्दल माझा उत्साह बेताचाच. या बाबतीत ई. एम. फॉर्स्टर शहाणा. त्याची 'द मशीन स्टॉप्स' १९०९ची, म्हणजे मुसीच्या पुरानंतर वर्षभराने आलेली. तिच्यात कोणी तलवार उपसत नाही. यंत्र बिघडत जातं, लोक तक्रारी करत राहतात, आणि दुरुस्ती कशी करायची हे कुणालाच येत नसतं. (याच फॉर्स्टरचा जिवलग मित्र रॉस मसूद पुढे हैदराबादच्या शिक्षणखात्याचा प्रमुख झाला, आणि त्या ओळखीने फॉर्स्टर इथे येऊनही गेला. तक्रारींचं तेवढं वर्णन मात्र त्याने हैदराबाद न पाहताच अचूक केलं होतं.)

खाण्याची चिंता त्या मानाने कमी. हलीम आजही लाकडाच्या भट्टीवर, दोन माणसांनी घोटणीने तासन्‌तास घोटूनच होते; बिर्याणीच्या दमाला विजेची कधी गरज पडली नाही. गहू आणि मटण शहरात आणायला बैलगाडी लागेल, म्हणजे रमजानची हलीम बकरी ईदला मिळेल, इतकंच. पण घोटायलाही पाणी लागतं, म्हणून हैदराबादी प्रलयकथेचा नायक कोण हे मी ठरवून टाकलंय: कुठला व्हॉल्व्ह कुठे गाडलेला आहे आणि कुठली जुनी वाहिनी उताराने वाहते हे नकाशाविना सांगणारा, खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून फिरणारा पाणीखात्याचा लाइनमन. मुखपृष्ठावर तो धनुर्धारी वीराइतका देखणा दिसणार नाही, आणि कथेत मारामारीही फारशी नसेल. बायका कळश्या घेऊन त्याच्याशी जे भांडतील तेवढीच.