उन्हाळी वीजबचत : गृहप्रमुखांसाठी सुलभ मार्गदर्शिका (कुर्डुवाडी आवृत्ती)

प्रस्तुत नियमावली होळी झाली की अमलात येते आणि पाऊस लागेपर्यंत लागू राहते. या दिवसांत सोलापूर जिल्ह्यात पारा सहज ४२ च्या पुढे जातो. वीज वाचवायला याहून वाईट हंगाम नाही, म्हणून गृहप्रमुखाने नेमका हाच निवडावा. आदर्श नमुना म्हणून आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, दाखला जागोजागी दिला आहे. अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. घर मात्र अजून ड्यूटीवर आहे.

नियम १. गस्त. ज्या खोलीत माणूस नाही, तिथला दिवा घालवावा. ज्या खोलीत माणूस आहे पण वाचत नाही, तिथलाही घालवावा. घालवताना “लग्न हाय का घरात?” असं विचारावं आणि उत्तरासाठी थांबू नये. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही, असं सुनेने सांगितल्यास ऐकू न आल्यासारखं करावं. अण्णांचा हिशेब साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचा आहे. तो बल्ब तेवढ्याच वेळात नऊ युनिटं खायचा, तेव्हा त्या काळी गस्त बरोबरच होती. बल्ब गेला, गस्त राहिली.

नियम २. शंभरी. घरगुती बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्त, त्यापुढच्या युनिटाला जवळजवळ दुप्पट दर. गृहप्रमुखाची ठाम समजूत अशी असावी, की १०१ वं युनिट पडताच सगळं बिलच वरच्या दराने लागतं. तसं होत नाही, वरची युनिटं तेवढी महाग पडतात. पण हे मान्य केलं तर रोज रात्री टॉर्च घेऊन मीटर बघायला कारण उरत नाही. शिवाय फ्रिज, तीन पंखे आणि कूलर असलेल्या घरात मे महिन्यात रीडिंगनंतर अठरा-वीस दिवसांतच शंभरी उलटते. पुढचे दहा दिवस अण्णा मीटरकडे नुसते दुःखाने बघतात.

नियम ३. मोबाइलचा चार्जर दिसेल तिथे उपटावा.

नियम ४. गिझर. याविषयी नियम नाही. म्हणजे इतरांसाठी आहे, अण्णांसाठी नाही. आता इथे जरा स्पष्टच बोलते. भर वैशाखात, जेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला सोसवत नाही, तेव्हा हा माणूस पहाटे पाचला गिझर लावतो. “सवय हाय.” दोन किलोवॅटचा गिझर पाव तास चालला की अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. तेवढ्यात घरातले अकरा दिवे रोज पाच तास जळतात. मोबाइल तर वर्षभर रोज चार्ज केला तरी पाच-सात युनिटांच्या वर जात नाही. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. अण्णांनी कागद नीट घडी करून कूलरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला.

नियम ५. कूलर. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून कूलर इथे खरंच काम करतो. ओल्या जाळीतून हवा येताना पाणी उडतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं. पण ती दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. गृहप्रमुखाने “गारवा बाहेर जातो” म्हणून ती बंद करावी, तासाभरात चादर अंगाला चिकटली की कूलर बिघडल्याचं जाहीर करावं. पाणी ओतणे ही बाब सुनेच्या अखत्यारीत येते.

नियम ६. एसी. पुण्याच्या दिरांनी पाठवलाय. जावई आले तरच लावावा, २७ वर ठेवावा आणि सोबत पंखा सोडावा. हे अण्णा निव्वळ चिकटपणाने करतात. पण एसी वापरायची याहून शहाणी रीत मला सापडलेली नाही.

नियम ७. लाइट गेल्यावर. रात्री दहाच्या सुमारास गल्लीतले सगळे कूलर एकदम चालू असतात, पंखे मंदावतात आणि डीपीवरचा फ्यूज उडतो. एवढ्या उकाड्यात डीपीलासुद्धा रात्री गार व्हायला उसंत नसते. अशा वेळी गृहप्रमुखाने काय करावं, हे मात्र अण्णांकडून शिकावं. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं त्यांनी गच्चीवर काढलीत. समोरच्या दोन घरांत उजेड दिसला की “एकच फेज गेलाय” हे ते अंधारातच सांगतात. आधी फ्रिज, मोटर, कूलर सगळ्यांची बटणं बंद करायला लावतात. कारण वीज येताच सगळं एकदम सुरू झालं की फ्यूज परत उडतो. मग बनियनवर गल्लीभर फिरून दारोदार तेच सांगतात. वायरमन खांबावरून उतरला, की एकेरी रुळावर गाड्या सोडाव्यात तसे ते घराघरांना इशारे देतात. “आधी दिवा लावा. आता पंखा. ओ ताई, मोटर नको, थांबा जरा!” आणि गल्ली ऐकते. मीही ऐकते.

नियम ८. जुलैचं बिल. पाऊस पडला, कूलर माळ्यावर गेला, बिल उतरलं. श्रेय गस्तीचं असं अण्णा म्हणतात, तेव्हा मान डोलवावी. सुरक्षा ठेवीवर वर्षाला व्याज मिळतं आणि ते बिलातूनच वजा होतं, हे त्यांना कुणीही सांगू नये. मागची सगळी बिलं काढून बसतील, आणि तीही दिवा लावून.