अर्ध्या हळकुंडाने पिवळे

रा. रा. झुकते माप यांस,
मुक्काम : आरोग्य-संशोधन, घर कुठलेही

वाईहून एका हळदवाल्याचा स. न. वि. वि.

पत्राला उशीरच झाला. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरेपर्यंत डोकं वर काढता येत नाही. परवा पुतण्याने मोबाइल पुढे धरला : ‘हळदीने गुडघेदुखी पळाली, संशोधनाने सिद्ध!’ खाली तुमची सही नव्हती, पण हात लगेच ओळखला. आमच्या धंद्यात याला काटा मारणं म्हणतात. आमच्यातला काटा मारताना सापडला तर दंड भरतो. तुम्ही सापडलात तरी शाल-श्रीफळ ठरलेलं.

तुमची युक्ती मला कळली ती गणपती घाटावर. ढोल्या गणपतीपाशी दिवसभर बसावं आणि नवस फेडायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं, ‘पावला का?’ सगळे हो म्हणतील. ज्यांना पावला नाही ते नारळ घेऊन कशाला येतील? ते घरी बसलेत, आणि तुमच्या वहीत घरी बसलेल्यांचा रकानाच नाही. तसाच गुण न आलेला रोगी तिसऱ्या आठवड्यात हळदीची कॅप्सूल सोडून जातो. मग तुम्ही लिहिता, ‘औषध पूर्ण घेतलेल्यांना आराम पडला.’ एक अक्षर खोटं नाही. मानलं बुवा! शिवाय माणूस तुमच्या दारात येतो तो गुडघा अगदी असह्य झाल्यावर. तिथून दुखणं थोडं आपोआपही उतरतं, पण श्रेय हळदीचं. आणि ज्या अभ्यासात काहीच निघालं नाही, तो कपाटात.

तुमची खोड मोडणारे झाले नाहीत असं नाही. १९४८ साली छापून आलेल्या चाचणीत लंडनच्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयाच्या १०७ रोग्यांपैकी कुणाला स्ट्रेप्टोमायसिन आणि कुणाला नुसती विश्रांती, हे दैवावर, बंद पाकिटांवर सोपवलं. डॉक्टरला आवडता रोगी निवडायची सोयच ठेवली नाही. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ दगावले, बाकीच्या ५२ पैकी १४. त्याच क्षयासाठी लोक आमच्या डोक्यावरून पसरणीचा घाट चढून पाचगणीची हवा खायला जात. घाट चढण्याइतकी ताकद आणि तिथे राहण्याइतका पैसा असलेले बरे झाले, तर हवा गुणाची! १९५९ मध्ये मद्रासच्या क्षय-केंद्राने तसाच दैवावर भार टाकून दाखवलं, की सॅनेटोरियममधलीच औषधं घरच्या खोलीत घेणारा गरीब रोगीही तिथल्याइतकाच बरा होतो.

हळदीपाशी मात्र तुमचं फावतं. रोग्याला खरी कॅप्सूल मिळाली की खोटी, हे त्याला कळता कामा नये. पण हळद लपते का? कॅप्सूल उघडली की बोट पिवळं, वास नाकात, आणि मग त्याचा गुडघा मनानेच बरा. हळदीतलं कुर्क्युमिन तर तुमच्यावर ताण : ते स्वतःच चमकतं, त्यामुळे चकाकी मोजणाऱ्या यंत्रालाही लागू पडल्याचा भास होतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला : १२० हून जास्त चाचण्या झाल्या, पण रोगी आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवलेली एकही यशस्वी नाही. ती बातमी पुतण्याच्या मोबाइलवर आली नाही.

१९९७ साली शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट रद्द करून आणलं, तेव्हा छाती आमचीही फुगली होती. ते रद्द झालं, ते हा उपयोग आपल्याकडे आधीपासून ठाऊक होता म्हणून. तो चाचणीत सिद्ध झाला म्हणून नव्हे. हा फरक तुम्ही आम्हाला कळू दिला नाहीत. आम्हीही फारसा विचारला नाही म्हणा. मी हळद विकतो. माझी साक्ष धरू नका, हे आधीच सांगतो. तुमच्या निबंधांत हे वाक्य सगळ्यात शेवटी, मुंगीच्या अक्षरात असतं.

आता २००७ पासून आपल्याकडे चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, आणि २००९ पासून ती सक्तीची. पहिला रोगी घेण्याआधी काय मोजणार ते लिहून द्यायचं. म्हणजे आकडा फुटल्यावर मटका लावायची तुमची सोय गेली. तरी तुम्ही वाट काढालच. नोंदलेलं एक आणि छापलेलं दुसरं, हे ताडून बघायला बसतो कोण?

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

ता. क. : पुतण्याने नव्या पाकिटाचा नमुना आणलाय, त्यावर ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापायचंय. नुसतं ‘वाईची हळद’ लिही म्हटलं, तर म्हणतो, त्याने किलोमागे वीस रुपये कमी येतील. नमुना अजून गल्ल्यावरच पडलाय.