पावतीबापू

आंदर मावळात कान्हे फाट्यापासून वर खांडीपर्यंत कुठंही उतरा, तिथं एक बापू भेटतातच. टाकव्यात ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून असतात, वडेश्वरला विकास सोसायटीचे माजी सचिव, तर भोयऱ्यात नुसतेच 'कायद्याचे जाणकार'. पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, खिशाला दोन पेनं (एक लिहायचं, एक सहीचं) आणि बुडाखाली जुनी स्प्लेंडर. एरवी बापूंसारखा दिलदार माणूस नाही. सप्त्याच्या वर्गणीला शंभर मागा, दोनशे देतील. हॉटेलात चहाच्या बिलाला दुसऱ्याचा हात लागू देणार नाहीत. मात्र गाडी लावल्याचे दहा रुपये कुणी मागितले, की बापूंच्या आतला अव्वल कारकून जागा होतो.

मागणारा पोलीस असेल तर अडचण नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 177. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 500, पुढं 1500. कायदा आहे, कलम आहे, आकडा आहे. बापू मुकाट्यानं पैसे भरतात, वर त्या हवालदाराच्या अक्षराचं कौतुक करतात. बापूंचं वाकडं आहे ते स्टेशनाबाहेरच्या खासगी ठेकेदाराशी. गळ्यात बॅग, हातात पावती फाडायचं मशीन आणि तोंडात माव्याची गोळी असं पोरगं समोर आलं, की बापू आधी गाडी स्टँडवर लावतात, मग चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. पोरग्याला वाटतं म्हातारा पैसे शोधतोय. म्हातारा दरफलक शोधत असतो.

"दहा रुपये, काका."

"कशाचे?"

"पार्किंगचे."

"ठेका कुणाचा? मुदत कधीपर्यंत? दरफलक कुठाय?"

"त्यो काय, झाडाच्या मागं."

बापू झाडाच्या मागं जातात. फलक असतो, पण त्यावर एका दादांचा वाढदिवस चिकटवलेला असतो. बापू नखानं दादांचा गाल खरवडतात, तेव्हा खालून '4 तास' एवढी अक्षरं बाहेर येतात. रुपये किती, ते दादांच्या गॉगलखाली.

इथं बापूंचा पराभव होतो तो कायद्यानं नव्हे, नात्यानं. कारण मशीन धरलेलं पोरगं बाहेरचं नसतंच. "कुणाचा रं तू?" या प्रश्नातून निघतं की पोरगं निगड्याचं आणि त्याची आई टाकव्याची माहेरवाशीण. म्हणजे आत्तापर्यंतचे काका एका क्षणात मामा झालेले असतात. "मामा, घ्या ना पावती, संध्याकाळी हिशेब द्यावा लागतोय." मामांचा जीव कळवळतो. दहाच्या जागी ते वीस देतात. दहा भाच्याला चहाला. आणि उरलेल्या दहाची पावती मात्र घेतल्याशिवाय हलत नाहीत.

ती पावती बापू दोन्ही बाजूंनी वाचतात. मागं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'गाडी व गाडीतील वस्तूंची जबाबदारी मालकाची राहील.' या वाक्यावर बापूंचा विशेष डोळा. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून 1998 साली कुणाची तरी मारुती झेन चोरीला गेली, हॉटेलनं असंच छापील टोकन पुढं केलं, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी आणि किल्ली एकदा ताब्यात घेतल्यावर नुसत्या छापील ओळीमागं लपता येणार नाही. हा निकाल बापूंनी कात्रण करून ठेवलाय. त्यातला 'किल्ली' हा शब्द त्यांनी अधोरेखित केला आणि तेव्हापासून पवित्रा बदलला. आता ते पोरग्याच्या हातात आपणहून स्प्लेंडरची किल्ली देतात. "घे. आता जबाबदारी तुझी." पोरगं किल्ली विंचू पडल्यागत झटकतं. बापू परत देतात. नवरानवरीच्या उखाण्यासारखा हा देवाणघेवाणीचा खेळ चालतो आणि मागं दहा-बारा दुचाकी हॉर्न वाजवत उभ्या राहतात. लोकल निघून जाते, ते वेगळंच.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते बापू कसले. मशीनच्या पावतीची शाई उन्हानं उडते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक. म्हणून दहा रुपयांच्या पावतीची कान्हे फाट्यावर दोन रुपये देऊन झेरॉक्स होते, झेरॉक्सवर तारीख-वार पडतो, आणि ती 'पार्किंग (खासगी)' नावाच्या फायलीत जाते. शेजारी 'पार्किंग (इतर)' अशीही फाईल आहे. तिच्यात काही नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही, हे समजल्यापासून तक्रार तयारच आहे. ती दाखल व्हायची राहिली ती एकाच कारणानं. आयोग पुण्यात, आणि पुण्यात गाडी लावायची कुठं?

एकदा मी म्हटलं, "बापू, दहा रुपड्यांसाठी एवढं?" त्यावर त्यांनी मला घराच्या पडवीतून वरच्या अंगाला ठोकरवाडीचं पाणी दाखवलं. "ते बघ. आंध्र व्हॅली कंपनी, स्थापना 1916. नदी आपली आंद्रा. 1922 पासून भिवपुरीला तिच्यावर वीज होतेय. म्हणजे शंभर वर्षं कंपनीनं आपल्या खोऱ्यात पाणी उभं करून ठेवलंय. कुणी हटकतं का? नाही. का? कंपनीकडं कागद आहे! ह्या बॅगवाल्याकडं काय आहे?" धरणाच्या नावानं लोक हळहळतात. धरणाकडं बोट दाखवून कागदपत्रांच्या चोखपणाबद्दल आदर व्यक्त करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी बापूंच्या ज्ञानाला परदेशातून मागणी आली. पुतण्या इंग्लंडात स्लाव गावी संगणकाच्या नोकरीत. तिथल्या एका दुकानाच्या आवारात त्यानं गाडी दोन तासांपेक्षा जास्त ठेवली आणि घरी पत्र आलं, 100 पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर 60. पाठवणारी खासगी कंपनी. पुतण्याची बायको रडकुंडीला आलेली, तिला वाटलं आता व्हिसा जातो. रात्री दहाला व्हिडिओ कॉल लागला. बापूंनी टोपी घालूनच फोन घेतला.

"पत्रावर जावक क्रमांक आहे?"

"आहे, बापू."

"मग पत्त्यावर तुझं नाव कसं आलं त्यांच्याकडं?"

पुतण्यानं सांगितलं की तिथलं वाहन नोंदणी खातं अशा कंपन्यांना अडीच पौंडात गाडीमालकाचं नाव-पत्ता देतं. तिथं खासगी जागेत गाडीला जॅमर लावायला 1 ऑक्टोबर 2012 पासून बंदी आली, आणि त्याच कायद्यानं कंपन्यांना मालकाकडून वसुली करायची वाट करून दिली. मला वाटलं बापू भडकतील. बापू म्हणाले, "अडीच पौंड म्हणजे महागच की. आपल्याकडं 15 रुपयांत शेजाऱ्याचा डिजिटल सातबारा निघतो." मग आवाज खाली आणून त्यांनी पुतण्याला इतिहास सांगितला. 1779 च्या जानेवारीत इंग्रजानं आपल्या वडगावला तहावर सही केली आणि मुंबईला गेल्यावर तो तह मानायलाच तयार झाला नाही. "तवा त्यांनी काय लिहून दिलं तर दुसऱ्या प्रतीवर सही घे."

पण बापू पत्र वाचल्याशिवाय सल्ला देत नाहीत. त्यांनी पुतण्याला अशा प्रकारचा एखादा निकाल शोधायला लावला, आणि शोधता शोधता बॅरी बेव्हिस सापडला. मासे तळून विकणारा दुकानदार. चेम्सफर्डमधल्या दोन तास फुकट असलेल्या वाहनतळावर हा छप्पन्न मिनिटं जास्त थांबला, कंपनीनं 85 पौंड मागितले, आणि गडी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 85 पौंडांसाठी! माळकरी असूनही बापूंना त्या मासेवाल्याचा उमाळा आला. "आपला माणूस," ते म्हणाले. 4 नोव्हेंबर 2015 ला सात न्यायाधीशांपैकी सहा त्याच्या विरुद्ध गेले. का गेले? इतर कारणं होतीच, पण एक असं की त्या आवारात वीसेक फलक होते, मोठे, ठसठशीत, सहज वाचता येतील असे.

बापू बराच वेळ बोलले नाहीत. आयुष्यभर 'दरफलक कुठाय' विचारणाऱ्या माणसाला दरफलक असला तर काय होतं ते पहिल्यांदाच समजलं होतं. पुतण्याला म्हणाले, "तुझ्याकडं फलक होता का?" होता म्हणाला, बरेच होते. "मग भर साठ." फोन ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात बापूंच्या रस्त्याकडच्या वरकसात पेंटर आला.

या वरकसाचं सांगायचं राहिलंच. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंदर मावळात मोटारींचा पूर येतो. पुण्या-पिंपरीची पोरं धबधबा, धुकं आणि धरणाचं बॅकवॉटर बघायला वर चढतात. खाचरात भात लागलेलं, रस्ता एका एसटीपुरता. मग ज्याचं माळवरकस रस्त्याला लागून, त्याचं नशीब फळफळतं. बापूंचा नातू दोन वर्षं तिथं गाड्या लावून घेत होता, दुचाकी वीस, चारचाकी पन्नास. बापूंना ते पसंत नव्हतं. पैसे घ्यायला त्यांची हरकत नव्हती, ते बिनपावतीचे घेतात याला होती.

आता मात्र फलक लागला. आठ बाय चार, पिवळ्यावर काळा. मालकाचं नाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, दर, वेळ. खाली ठळक अक्षरांत, 'दोन तासांपेक्षा जास्त वेळ गाडी राहिल्यास रु. 85 जादा आकार.' दंड हा शब्द बापूंनी पेंटरला लिहू दिला नाही. दंड करायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांचं मत स्वतःच्या वावरातही कायम होतं. पण 85 च का, शंभर का नाही, असं नातवानं विचारलं तर म्हणाले, "तेवढे सुप्रीम कोर्टात टिकलेत." असेच आणखी सहा फलक झाले. वरकसात आता फलकांच्या मध्ये गाड्या लावाव्या लागतात.

श्रावणातल्या एका रविवारी एक बाई उतरल्या. चिंचवडच्या, सत्तरीच्या आसपास, पायात पावसाळी सँडल, खांद्याला शबनम. नातवानं पावती पुढं केली. त्यांनी पैसे काढले नाहीत, चष्मा काढला. पुसला. लावला.

"अनुक्रमांक कुठाय पावतीवर?"

नातू गडबडला. बापू खुर्चीतून उठले.

"आणि ही जमीन शेतीची दिसतेय. अकृषिक परवानगी आहे का? कलम 44 खाली?"

बापूंच्या चेहऱ्यावर मला अपमान दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो परदेशात अचानक मावळी माणूस भेटल्याचा आनंद. "आपण कुठल्या खात्यात होता, ताई?"

"सहकार खातं. लेखापरीक्षण."

"तरीच! अगं ए, चहा टाक. आलं घाल जास्तीचं." बापूंनी स्वतःची खुर्ची पुढं केली आणि घरातून फायली आणल्या. बाईंनी फलक पायापासून माथ्यापर्यंत वाचला, क्षेत्राच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पोटखराब्यासह की वगळून?" बापूंनी डोळे मिटून घेतले. हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता.

मग सातबारा निघाला, आठ-अ निघाला, आजोबांच्या काळातला फेरफार निघाला. मोडीतली ओळ बाई अडखळत लावू लागल्या, बापू पुढचं अक्षर सुचवू लागले. बेव्हिसची केसही सांगून झाली. बाईंचं म्हणणं पडलं की विरुद्ध मत देणाऱ्या सातव्या न्यायाधीशाचाच मुद्दा बरोबर असणार. त्यावरून थोडी खडाजंगी झाली. दोन तास केव्हाच उलटले होते. मागं गाड्या येत होत्या, फलकांना वळसे घालून लागत होत्या, भिजून आलेली पोरं गाडी काढून निघूनही जात होती.

"बापू, ह्या गाड्यांचं काय करू? पावतीला नंबर न्हाय म्हणताय, फाडू का नको?"

"थांब रं जरा," बापू म्हणाले, "ताई फेरफार वाचतायत."