पुढे चढ आहे का?

पुण्याहून गोव्याला सायकलने जायचं, तेही आडवाटेच्या किनारी रस्त्याने, असं बायकोने जाहीर केलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. ‘‘जाऊन ये,’’ म्हणालो. पाच मिनिटांनी कळलं की मीही जाणार आहे. सायकलवर नव्हे; माझा गुडघा तिला माहीत आहे. मी टेम्पोत बसायचं, सामान सांभाळायचं, दर वीस किलोमीटरवर थांबून लोकांना खायला-प्यायला घालायचं आणि मागे राहिलेल्यांना गोळा करायचं. ‘‘अहो, सपोर्ट क्रू म्हणतात त्याला,’’ ती म्हणाली. तेहतीस वर्षं हेच करतोय, त्याला इंग्रजी नाव आहे हे त्या दिवशी समजलं.

सायकलवाले चौदा, क्रू दोन. दुसरा म्हणजे टेम्पोचा ड्रायव्हर, भोरचा पोरगा, सव्विसेक वर्षांचा. टेम्पो म्हणजे आपला छोटा हत्ती. पहाटे ताम्हिणीच्या वाटेला लागलो तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला, ‘‘काका, ह्यांच्याकडे गाड्या नाहीत का?’’ आहेत म्हटलं, प्रत्येकाकडे आहे, काहींकडे दोन. तो माणगावपर्यंत गप्प होता.

सायकलवाले प्रवास किलोमीटरमध्ये मोजतात. आम्ही डझनांत मोजला. माणशी सहा केळी धरली तर रोजची सात डझन, सहा दिवसांची बेचाळीस. एवढी एकदम घेऊन चालत नाहीत, कारण टेम्पोत ती आपापसांत ठरवून एकाच दुपारी पिकतात. म्हणून रोज नवा बाजार. श्रीवर्धनला केळीवाल्याने सात डझन मोजता मोजता विचारलं, ‘‘पूजा आहे का?’’ हो म्हणालो, चौदा देव आहेत, सायकलवर येतायत.

शिवाय उकडलेले बटाटे मीठ लावून, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, लिंबू, ओआरएसची पाकिटं. घामातून मीठ जातं ते भरून काढलं नाही तर पायात गोळे येतात, आणि वेळेवर पोटात काही पडलं नाही तर माणूस भर रस्त्यात विझतो. याला हे लोक ‘बाँक होणं’ म्हणतात. बाँक झालेला माणूस ओळखायची खूण ड्रायव्हरने तिसऱ्या दिवशी शोधून काढली. नेहमी ‘थँक्यू काका’ म्हणणारा गृहस्थ केळं घेऊन आपल्याकडे नुसता बघत राहिला, की समजावं. त्याला आधी खाली बसवावं आणि केळं सोलून द्यावं. सोलायचं असतं हे त्या वेळी त्याला आठवत नाही.

प्रत्येक तांड्यात एक ‘सेल्फ-सपोर्टेड’ गडी असतो. आमच्यातल्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला सपोर्ट लागत नाही, माझं सगळं माझ्या सायकलवर आहे. गडी शब्दाचा पक्का. सहा दिवस त्याने आमच्याकडे काहीही मागितलं नाही. बोलत बोलत यायचा आणि घ्यायचा.

कोकणातला किनारी रस्ता नकाशावर समुद्राशेजारून सरळ उतरलेला दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी उतरतो, मग सड्यावर चढतो, पुन्हा खाडीपाशी उतरतो. केळशी, आंजर्ले, हर्णे, सगळीकडे हाच खेळ. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘‘काका, पुढे चढ आहे का?’’ पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला की दोघं जण माझ्यावरच रुसले, जणू तो चढ मी रात्रीतून रचला होता. दुसऱ्या दिवसापासून माझं उत्तर ठरलेलं : ‘‘थोडासा आहे. मग उतारच.’’ हे खोटं नाही. कोकणात कुठल्याही चढानंतर उतार असतोच. तो किती पुरतो, एवढंच मी सांगत नसे.

आता दाभोळची गोष्ट. ती बायको अजून चारचौघांत सांगते, तर माझ्या बाजूनेही एकदा सांगितलेली बरी. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला जायला फेरीबोट आहे, तीत गाड्याही चढतात. सायकली झटकन आत गेल्या. आमच्या पुढे पर्यटकांच्या दोन मोटारी होत्या, त्या चढल्या आणि बोट भरली. फळी वर उचलली गेली. बायको कठड्यापाशी उभी राहून हात हलवत होती. मीही हलवला. सात डझन केळी, सगळी हत्यारं, उभा पंप आणि मी अलीकडच्या काठावर राहिलो.

पलीकडे उतरताच एकाचं चाक बसलं. फोन आला. ‘‘अहो, पंप तुमच्याकडे आहे.’’ म्हटलं, गावात कुणाकडे तरी असेलच. होता. एका भल्या माणसाने घरातून पंपही आणून दिला. पण या महागड्या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक असतो, साध्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. त्यासाठी करंगळीच्या पेराएवढं पितळी टोपण मिळतं, अडॅप्टर. चहाच्या किमतीत येतं. ‘‘अडॅप्टर कुठाय?’’ बायकोने विचारलं. मी म्हणालो, ‘‘काळजी करू नकोस. हरवू नये म्हणून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलंय.’’

बराच वेळ फोनवर फक्त वारा ऐकू येत होता. पुढची बोट येईपर्यंत पलीकडे पिवळ्या टी-शर्टांचे चौदा ठिपके स्तब्ध उभे होते. ड्रायव्हरने शांतपणे एक केळं सोललं आणि म्हणाला, ‘‘काका, खाऊन घ्या. पुढे चढ आहे.’’

रात्री टेम्पो म्हणजे धोब्याचं दुकान. गादीवाल्या चौदा चड्ड्या दोरीवर, खाली केळी, मधे दुखऱ्या पायांवर मारायच्या स्प्रेचा वास. मालवणात एका आजोबांनी ते सगळं निरखून विचारलं, ‘‘ह्येंका पैशे गावतत काय?’’ नाही म्हटलं, हेच भरतात. आजोबा हसले नाहीत, चिडले नाहीत. घरात गेले आणि माझ्यासाठी शहाळं घेऊन आले. फक्त माझ्यासाठी.

सगळ्यात शेवटी येणारा एक प्राध्यापक होता. पुढचे वारा पीत निघून जायचे. हा थांबायचा, गप्पा मारायचा, रात्रीच्या मुक्कामी सोलकढी मिळते का याची चौकशी करायचा. आम्हा दोघांना प्रवासात मित्र मिळाला तो हाच. चढावर टेम्पोत बसा म्हटलं तर ऐकायचा नाही. वेंगुर्ल्याअलीकडे एकदाच म्हणाला, ‘‘काका, मी बसत नाही. तुम्ही फक्त हळू चालवा, म्हणजे कुणी तरी सोबत आहे असं वाटतं.’’ मग चार किलोमीटर आम्ही पहिल्या गिअरमध्ये.

पणजीत फोटो झाले, मिठ्या झाल्या. मंडळी मडगावहून रेल्वेने परतली, बायकोही. चौदा सायकली टेम्पोत रचून आम्ही दोघं सावंतवाडी-आंबोलीमार्गे निघालो. घाट संपला, आंबोली मागे पडली, आजऱ्याच्या रस्त्याला सपाटी लागली तसा ड्रायव्हरने टेम्पो थांबवला. काही न बोलता मागून बायकोची सायकल काढली आणि माझ्यापुढे धरली.

तीनशे मीटर गेलो असेन. छाती भात्यासारखी, गुडघा बोलायला लागलेला. मागून टेम्पो हळूहळू शेजारी आला. खिडकीतून सोललेलं केळं बाहेर आलं.

‘‘पुढे चढ आहे का रे?’’ मी विचारलं.

‘‘थोडासा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मग उतारच.’’