वचन लावण्याची सोपी रीत (नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक बायबल, एक पेन्सिल आणि एक शेजारी. शेजारी नसल्यास मेहुणा किंवा जाऊ चालेल. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलेले बायबल शक्यतो टाळावे. बायाबापड्यांनाही कळावे म्हणून ते केले असल्याने ‘भाषाच जड आहे हो’ ही सबब तिथे चालत नाही.

पायरी 1. नीतिसूत्रांपासून सुरुवात करावी. अध्याय 31, रोज एक वाचला की महिन्यात पुस्तक उरकते. 31वा अध्याय सद्गुणी बायकोचा. ती पहाटे उठते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते. नवरा वेशीत पंचांबरोबर बसलेला असतो. हा अध्याय पुरुषांना न वाचताच पाठ असतो.

पायरी 2. आधी मत ठरवावे, मग वचन शोधावे. उदाहरणार्थ 26:4 सांगते, मूर्खाच्या तोंडी लागू नये, आपणही त्याच्यासारखे ठरतो. लगेच 26:5 सांगते, त्याला उत्तर द्यावेच, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुद्दा सुचला नाही तर पहिले वचन वापरावे, सुचला तर दुसरे. अशा विसंगतीमुळे हे पुस्तकच बाजूला ठेवावे असे काही जुन्या यहुदी पंडितांच्या मनात आले होते, असे तालमुद सांगते. पुढे तोडगा निघाला: एक वचन ऐहिक गोष्टींसाठी, दुसरे धर्मशास्त्राच्या वादासाठी. कोणत्या वेळी कोणते वचन, हे ओळखण्यातच शहाणपण आहे. पण नवशिक्यांनी इतक्या खोलात शिरू नये.

पायरी 3. व्यवहार. जुनी स्कूटर घ्यायला गेल्यावर सीटवर थाप मारून ‘टायर गेलेत, इंजिन घरघरतंय’ म्हणत दोन हजार पाडावेत आणि घरी येऊन ‘फुकटात पडली’ म्हणून पेढे वाटावेत. 20:14 मध्ये असल्याच गिऱ्हाइकाचे वर्णन आहे. ते कौतुकाने केले आहे की टोमणा मारायला, हे तपासत बसू नये. तीच स्कूटर विकताना मागचा ब्रेक लागत नाही, हे विचारल्याशिवाय सांगू नये. खोट्या तराजूचा देवाला वीट येतो असे 11:1 म्हणते खरे, पण स्कूटर काही तराजूत तोलत नाहीत.

पायरी 4. शेजारधर्म. फुलांच्या चित्रावर वचन टाकून रोज पहाटे पाचला ते सगळ्या ग्रुपांवर पाठवावे. फक्त 27:14 पाठवू नये. भल्या पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापातच जमा होतो, असे त्यात आहे.

पायरी 5. मत्तय 7 मधले कुसळ आणि मुसळ. हे नेहमी मोठ्याने वाचावे, आणि ज्याला लागू पडते तो समोर बसलेला असतानाच.

नेहमीच्या अडचणी

वचन वाचताना शेजाऱ्याऐवजी आपणच आठवतो. हा बिघाड नव्हे. तरी त्रास होत असल्यास काही दिवस फक्त वंशावळ्या वाचाव्यात.

स्कूटर विकून झाली, पण 11:1 डोक्यातून जात नाही. दुसरे पान उघडावे. 16:11 मध्ये तराजू आहे. 20:10 आणि 20:23 मध्ये खोटी वजने आहेत, आणि आपले आवडते 20:14 नेमके त्या दोघांच्या मध्ये सापडले आहे. पुस्तक बदलून लेवीय काढावे, तर 19:36 मध्ये पुन्हा तराजू. एवढे झाल्यावर गिऱ्हाइकाला फोन करून ब्रेकचे सांगावे आणि दुरुस्तीचे पैसे परत द्यावेत. पेढ्यांचा खर्च मात्र भरून मिळत नाही.